दोन नळांचं पाणी: घोडबंदर रोडवरच्या एका प्लांटेड टँकचं प्रकरण

घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे, एका सोसायटीत सातव्या मजल्यावर हा प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणझाडं लावलेला माशांचा टँक, आहे. लांबी ३६ इंच, रुंदी आणि उंची १८. काचेच्या मापानं १९० लिटर होतात, पण वाळू, लाकूड, दगड आणि वरची दोन बोटं रिकामी जागा वजा केली की पाणी उरतं १५० लिटर. खताचा डोस काढताना हाच आकडा धरायचा. टँक काकूंचा. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं लावून घेतला. पाणी बदलणं, छाटणी, माशांचं खाणं सगळं त्याच बघतात. झाडांना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर आणि दिवा भाच्याकडे. मी ठाण्यात असे टँक लावून देतो, आणि कुणाचं काही अडलं की बघायला जातो.

प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात खताची बाटली, डोस, दिवा, मासे यांतलं काहीच बदललेलं नसताना टँक बिघडला. उन्हाळ्यात आपल्याकडे असे टँक बिघडतात आणि पहिला संशय खतावर जातो. माझं ठाम मत असं की ठाण्यात खताचा हिशोब नळापासून मांडायला हवा. बाटलीचा नंबर त्यानंतरचा.

दिवाळीत लावलेला हा टँक होळीपर्यंत छान चालला. मागे व्हॅलिस्नेरिया, मध्ये रोटाला, लुडविजिया आणि हायग्रोफिला, पुढे क्रिप्टोकोरिन, लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न. नीऑन टेट्रा, चेरी बार्ब, थोडे कोरी, आणि झाडांबरोबर आलेल्या रॅम्सहॉर्न गोगलगायी. दिवा आठ तास, गॅस दिव्याच्या आधी दोन तास सुरू. दर रविवारी निम्मं पाणी बदलायचं आणि सगळं एकत्र असलेलं तयार खत बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालायचं. मासे कमी, झाडं भरपूर, त्यामुळे शेवाळाला फारसा वाव नव्हता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "अरे, रोटालाचे शेंडे पांढरे पडलेत. लोह दुप्पट केलं, तरी फरक नाही. काचेवर हिरवे ठिपके आलेत, नखानंसुद्धा निघत नाहीत. आणि संध्याकाळी मासे वर येऊन तोंड उघडतायत."

मी पोचलो तोवर आणखी काही उपाय करून झाले होते. ओळखीच्या एका दुकानदारानं सांगितलं होतं की शेवाळ आलं म्हणजे फॉस्फेट वाढलं. म्हणून फिल्टरमध्ये फॉस्फेट शोषून घेणारी पिशवी बसली होती. खत पूर्ण बंद. पाणी आठवड्यातून एकदा बदलायचं ते तीनदा बदललं जात होतं. काळजीपोटीच केलेले उपाय, पण प्रत्येक उपायानं टँक आणखी खाली गेला होता. त्याचं कारण पुढे येईलच.

पानं काय सांगत होती

टेस्ट किट उघडायच्या आधी मी नेहमी झाडांसमोर बसतो. कमतरता कुठल्या पानावर दिसते, यावरून निम्मा तपास होतो. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड स्वतःच्या आत हलवू शकतं. तुटवडा आला की जुन्या पानातून काढून नव्या शेंड्याला देतं. म्हणून त्यांची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा पानात बसले की हलत नाहीत. त्यांची कमतरता वर, कोवळ्या पानावर.

इथे दोन्हीकडे बोंब होती. रोटाला आणि लुडविजियाचे शेंडे फिकट, जवळपास पांढरे, पण आकार बरा. म्हणजे लोह. हायग्रोफिलाची खालची पानं हातात घेऊन दिव्यासमोर धरली तर त्यांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं, भोकाच्या कडेला पिवळी किनार. म्हणजे पोटॅशियम. अनुबियासच्या पानांवर आणि काचेवर घट्ट हिरवे ठिपके. असं ठिपक्यांचं शेवाळ बहुतेक वेळा फॉस्फेट फार कमी असताना येतं. फिल्टरच्या तोंडाशी आणि अनुबियासच्या कडांना 'काळी दाढी' म्हणतात ते शेवाळ, म्हणजे गॅस स्थिर नव्हता.

आणि या सगळ्या पडझडीत मागचं व्हॅलिस्नेरिया मात्र कधी नव्हे इतकं माजलं होतं. नवे धुमारे वाळूतून पार पुढपर्यंत आलेले. मला खरा सुगावा लागला तो इथे. व्हॅलिस्नेरियाला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेता येतो. जड, क्षारयुक्त पाण्यात ते खूश असतं. रोटालाला हे जमत नाही, त्याला पाण्यात विरघळलेला गॅसच लागतो. एका टँकमध्ये एक झाड तरारलंय आणि शेजारचं झुरतंय, तेव्हा पाण्याची जातच बदललेली असणार.

"काकू, पाणी कुठल्या नळाचं भरता?"

"बाथरूमच्या. तिथून पाइप थेट टँकपर्यंत पोचतो ना."

दोन नळ

ठाण्याला पाणी येतं ते मुख्यतः भातसा आणि उल्हास या नद्यांचं, शिवाय बारवी धरणाचं एमआयडीसीमार्फत. सह्याद्रीत पडणारा पाऊस बेसॉल्टच्या खडकावरून धरणात येतो आणि त्यात क्षार फार मिसळत नाहीत. म्हणून पालिकेचं पाणी हलकं असतं. नवी मुंबईचं मोरबे धरणाचं पाणीही याच जातीचं. परदेशी लेख वाचून आपल्याकडे डोस ठरवला की गफलत होते ती इथे. तिथल्या कित्येक शहरांत नळातूनच भरपूर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतं, त्यामुळे ते वेगळं घालायचं कुणाच्या मनातही येत नाही.

घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात पालिकेचं पाणी पुरत नाही. या सोसायटीत गच्चीवर दोन टाक्या आहेत: एकीतून स्वयंपाकघर, दुसरीतून बाथरूम आणि फ्लश. एरवी दोन्हींत पालिकेचंच पाणी. होळीनंतर टंचाई सुरू झाली की स्वयंपाकघराच्या टाकीला पालिकेचं राखून ठेवतात आणि बाथरूमच्या टाकीत बोअरचं, कमी पडलं तर टँकरचं पाणी सोडतात. तशी सूचना नोटीस बोर्डावर लागते. माशांचा आणि त्या सूचनेचा संबंध असेल असं कुणाला वाटायचं कारण नाही.

खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) काढून दोन्ही नळांखाली धरला. स्वयंपाकघर ८५, बाथरूम ५४०. मग किटनं तपासलं. स्वयंपाकघराच्या पाण्यात जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा एकूण कठीणपणा) ३, केएच (बायकार्बोनेटचं प्रमाण) २ ते ३, नायट्रेट नसल्यात जमा. बाथरूमच्या पाण्यात जीएच १६, केएच १२, नायट्रेट ३०च्या आसपास. टँकमधलं पाणी बाथरूमच्या नळाशी जुळत होतं: केएच १२, टीडीएस ६००च्या वर. नायट्रेट ४०, फॉस्फेट शून्य.

नायट्रेटच्या किटबद्दल इथेच सांगून टाकतो. दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाशी बसतं. ती बाटली जोरजोरात, चांगली अर्धा मिनिट हलवल्याशिवाय थेंब टाकले तर आकडा खोटा कमी येतो. शिवाय किट खरं बोलतंय का हे घरी पडताळता येतं. एक ग्रॅम १३-००-४५ हे खत (पोटॅशियम नायट्रेट) एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचं, त्यातलं ३५ मिली घेऊन पुन्हा डिस्टिल्ड पाण्यानं एक लिटर करायचं. हे पाणी २० पीपीएम, म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम, नायट्रेटचं. किटनं त्यावर २०चा रंग दाखवला तर पुढे बोलायचं. काकूंचं किट या परीक्षेत उतरलं.

सोसायटीच्या ऑफिसात बोअरच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट मिळाला. एकूण कठीणपणा २९० मिलिग्रॅम प्रति लिटर, नायट्रेट ३४. कठीणपणाच्या आकड्याला १७.८५नं भागलं की जीएच मिळतो, म्हणजे १६च्या थोडं वर. आमच्या किटशी जुळलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे, त्यामुळे रिपोर्टमध्ये तक्रारीसारखं काही नव्हतं. आंघोळीला, भांड्यांना हे पाणी उत्तम. जीएच १६च्या पाण्यात सुंदर प्लांटेड टँक चालवणारे लोकही आहेत. फक्त त्यांचं खत, त्यांची झाडं आणि त्यांचा गॅस त्या पाण्याला धरून बेतलेला असतो. हा टँक हलक्या पाण्यासाठी बेतला होता आणि चार-पाच आठवड्यांत त्याच्याखालचं पाणीच बदललं. पाणी तीनदा बदलायला लागल्यावर तर बदल आणखी झपाट्यानं झाला.

लोह घालूनही लोह का मिळेना

प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा.

लोह पाण्यात मोकळं टिकत नाही, लगेच गंजून गाळ होतं. म्हणून खतात ते चिलेट करून देतात, म्हणजे एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत धरून ठेवतात. स्वस्त आणि सर्रास मिळणारी पकड ईडीटीएची. ती आम्लधर्मी पाण्यात चांगली टिकते, पीएच साडेसहाच्या वर जायला लागला की लोखंडावरची पकड सुटत जाते. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत तग धरतं. त्याच्याही वर ईडीडीएचए लागतं, पण त्यानं पाण्याला लालसर झाक येते.

आता केएचचा खेळ बघा. गॅस तेवढाच सोडला तरी पीएच किती होणार हे केएचवर ठरतं. पाण्यात ३० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असेल तर केएच २ला पीएच ६.३ येतो, केएच १२ला ७.१. रात्री गॅस बंद झाला की केएच १२चं पाणी आठच्या आसपास जाऊन बसतं. काकूंच्या बाटलीतलं लोह ईडीटीएचं होतं. दिवाळी ते होळी ते नीट पोचत होतं. एप्रिलमध्ये तीच बाटली, तोच डोस, आणि लोह झाडाच्या तोंडी लागायच्या आत गाळ होऊन स्पंजमध्ये. डोस दुप्पट केल्यानं फक्त गाळ दुप्पट झाला.

मासे वर का येत होते, तेही केएचमुळेच. ड्रॉप चेकर म्हणजे पाण्यात गॅस किती हे रंगावरून दाखवणारी टँकमधली छोटी कुपी. तिच्यात ४ केएचचं ठरावीक द्रावण भरायचं असतं. द्रावणाचा रंग हिरवा झाला की पाण्यात साधारण ३० पीपीएम गॅस आहे असं समजायचं. द्रावण संपल्यावर भाच्यानं त्यात टँकचंच पाणी भरलं होतं. पाणी केएच १२चं, त्यामुळे गॅस पुरेसा असूनही रंग निळाच. निळा दिसतोय, म्हणजे गॅस कमी आहे, असं समजून तो गॅसचे बुडबुडे वाढवत गेला. केएच १२च्या पाण्यात तो रंग पूर्ण हिरवा व्हायला जवळपास ९० पीपीएम गॅस लागतो. तिथवर पोचायच्या आधीच जास्तीच्या गॅसनं गुदमरून मासे पृष्ठभागावर आले, हे बरंच म्हणायचं. मासे वर आले की बुडबुडे कमी, रंग निळा झाला की पुन्हा जास्त, अशी ओढाताण चालली होती, आणि काळ्या दाढीला वाव मिळाला तो यातून.

"दादा, मग मी रंगाकडे बघूच नको का?"

"बघ, पण द्रावण विकतचं भर. टँकचं पाणी त्यात कधीच घालायचं नाही."

उरलं फॉस्फेट आणि पोटॅशियम. खत बंद म्हणजे पोटॅशियम बंद. बोअरच्या पाण्यात ते फारसं नव्हतं. फॉस्फेट तर पिशवी बसवून शोषून घेतलं होतं. फॉस्फेट म्हणजे शेवाळ, ही समजूत जुनी आहे. १९९६ मध्ये पॉल सीअर्स आणि केव्हिन कॉनलिन या प्लांटेड टँकवाल्यांनी फॉस्फेट कमी ठेवून शेवाळ आवरायची पद्धत मांडली होती आणि ती खूप चालली. पुढे टॉम बार या प्लांटेड टँकच्या अभ्यासकांनी उलट दाखवून दिलं: निरोगी, दाट झाडांच्या टँकमध्ये फॉस्फेट मुद्दाम वाढवलं तरी शेवाळ येत नाही. माझा अनुभव बार यांच्या बाजूचा आहे. फॉस्फेट संपलं की आधी झाड थांबतं. मग त्याच्या थकलेल्या पानावर शेवाळ बसतं आणि ज्याला आपण कारण समजलो ते आणखी कमी करत राहतो. इथे तर नायट्रेट ४० वर तुंबलं होतं ते याचमुळे. झाडांना वाढायचं होतं, पण फॉस्फेट नाही, पोटॅशियम नाही, लोह नाही. नुसतं नायट्रेट खाऊन झाड वाढत नाही. नायट्रेट पाहून माशांना दोष द्यायचा तर मासे तेवढेच होते.

दुरुस्ती

पाणी एका दिवसात बदलायचं नाही, हे पहिलं. केएच १२मधून थेट ३मध्ये टाकलं तर झाडांपेक्षा माशांना त्रास. ठरवलं असं की दर दोन-तीन दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी काढायचं आणि स्वयंपाकघराच्या नळाचं, अँटी-क्लोरीननं क्लोरीन काढून, घालायचं. पाइप तिथून पोचत नव्हता, म्हणून बादली आणि छोटा सबमर्सिबल पंप. काकूंच्या पाठीला बादली उचलायची नाही अशी अट भाच्यानंच घातली. घरच्या आरओचं पाणी वापरायचा विचार निघाला होता, पण टँकरच्या दिवसांत एक बादली मिळवायला दोन-तीन बादल्या गटारात सोडणं मला पटत नाही, आणि इथे गरजही नव्हती.

दिवा आठ तासांवरून सहावर. फॉस्फेटची पिशवी बाहेर. गॅस पूर्वीच्या बुडबुड्यांवर आणून ठेवला आणि हात लावायचा नाही असं बजावलं. काळी दाढी लागलेली अनुबियासची पानं सरळ कापली. भोकं पडलेलं पान पुन्हा भरून येत नाही. उपाय लागू पडला का, हे फक्त त्यानंतर आलेल्या पानावर बघायचं.

खत मात्र या वेळी कृषी सेवा केंद्रातून आणायला लावलं. ठाणे जिल्हा भातशेतीचा आहे, कल्याण-मुरबाडच्या बाजूला अशी दुकानं आहेत आणि एक किलोची पाकिटं मिळतात. पाण्यात विरघळणारी खतं, ती नंबरानंच ओळखतात: तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, शून्य-शून्य-पन्नास म्हणजे पोटॅशियम सल्फेट. एक किलोत या आकाराचा टँक कित्येक वर्षं चालतो. फक्त नंबर डोळ्यांनी वाचून घ्यायचा. शून्य-बावन्न-चौतीस संपलं असेल तर दुकानदार बारा-एकसष्ट-शून्य काढून देतो. शेताला चालतं, टँकला नाही, कारण त्यातलं नत्र अमोनियमचं आहे. एकोणीस-एकोणीस-एकोणीस आणि युरिया यांचंही तेच. पीएच आठच्या आसपास असताना अमोनियमचा काही भाग विषारी अमोनियात बदलतो आणि तेवढ्यानंही मासे जाऊ शकतात. या बाबतीत थोडीही सूट देऊ नये.

पाकिटावरचे आकडे नायट्रोजन, फॉस्फरसचं ऑक्साइड आणि पोटॅशियमचं ऑक्साइड यांचे असतात, किटवरचे आकडे नायट्रेट आणि फॉस्फेटचे. रूपांतर केलं की असं निघतं: तेरा-शून्य-पंचेचाळीसमध्ये वजनाच्या सुमारे ५८ टक्के नायट्रेट आणि ३७ टक्के पोटॅशियम, शून्य-बावन्न-चौतीसमध्ये ७० टक्के फॉस्फेट आणि २८ टक्के पोटॅशियम, शून्य-शून्य-पन्नासमध्ये ४१ टक्के पोटॅशियम. यावरून १५० लिटरला १ पीपीएम फॉस्फेट वाढवायला ०.२२ ग्रॅम पुरतं. १० पीपीएम नायट्रेटला २.६ ग्रॅम, आणि त्याबरोबर साडेसहा पीपीएम पोटॅशियम आपोआप येतं. चमच्यानं हे मोजता येत नाही. सोनार वापरतात तसा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्यायचा आणि आठवड्याचं द्रावण करून मिलीत द्यायचं.

पहिले दोन आठवडे नायट्रेट अजिबात घातलं नाही, टँकमध्ये होतंच. फक्त फॉस्फेट १ पीपीएम आणि शून्य-शून्य-पन्नास १.८ ग्रॅम, म्हणजे ५ पीपीएम पोटॅशियम, दर आठवड्याला. लोहाची बाटली बदलून डीटीपीएची आणली, आणि ती फॉस्फेटच्या दुसऱ्या दिवशी द्यायची. दोन्ही एका बाटलीत किंवा एकाच वेळी पडले की आयर्न फॉस्फेट होऊन दोन्ही वाया जाऊ शकतात.

सहा वेळा पाचवा हिस्सा बदलला की जुन्या पाण्याचा जेमतेम चौथा भाग उरतो. दोन आठवड्यांनी केएच ५वर होता आणि नायट्रेट १०वर. हिशोबाशी जुळतं. रोटालाची नवी पानं गुलाबी यायला लागली होती, काचेवर नवे ठिपके नव्हते. आता नेमका उलटा धोका होता: झाडं चालू लागली, नळातून नायट्रेट येणं बंद झालं, मासे मोजकेच. तिसऱ्या आठवड्यापासून तेरा-शून्य-पंचेचाळीस सुरू केलं, आठवड्याला १० पीपीएम, तीन वारांत विभागून. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं जात असेल तर झाडांनी काहीच घेतलं नाही असं धरलं तरी साठा आठवड्याच्या डोसच्या दुपटीपलीकडे जात नाही. १० घालाल तर छत २०. या पद्धतीत रोज किट काढत बसावं लागत नाही, म्हणून मला ती आवडते.

एकाच टँकला एप्रिलमध्ये नायट्रेट घालणं चूक आणि मे महिन्यात न घालणं चूक. बाटलीवर छापलेला डोस कितीही चांगला असला तरी त्याला हे कळायचा मार्ग नाही.

पावसाळा

जूनमध्ये पाऊस लागला, धरणं भरायला लागली, सोसायटीनं बोअर बंद करून दोन्ही टाक्यांत पालिकेचं पाणी सोडलं. काकू पुन्हा पाइपनं बाथरूमचं पाणी भरू लागल्या आणि त्यात आता काही गैर नव्हतं. पहिल्या पावसात नद्या गढूळ होतात, तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. त्या महिन्यात नळाला नेहमीपेक्षा जास्त वास आला तर अँटी-क्लोरीनचा डोस वाढवायचा, एवढंच.

जुलैत मात्र नवं दुखणं आलं. हायग्रोफिलाच्या खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. भोकं नव्हती, शेंडे ठीक होते. गोगलगायींच्या शंखांवर पांढरे चट्टे. व्हॅलिस्नेरियाची पानं टोकापासून विरघळायला लागलेली. काकूंचा जीव त्या व्हॅलिस्नेरियात. "ते राहायला हवं रे. मासे त्यातच झोपतात."

जुनी पानं, शिरा हिरव्या: मॅग्नेशियम. चट्टे पडलेले शंख: कॅल्शियम आणि केएच दोन्ही कमी. पालिकेचं नुसतं पाणी आणि जोमानं वाढणारी झाडं यांचा हा ठरलेला परिणाम आहे. उन्हाळ्यात अडचण वाटलेलं बोअरचं पाणी हीच द्रव्यं फुकट देत होतं.

तातडीचा उपाय म्हणून साडेसात ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घातलं. १५० लिटरला ५ पीपीएम मॅग्नेशियम. पण कायमचा तोडगा काकूंच्या इमारतीतच होता. खाली बागेच्या नळाला वर्षभर बोअरचं पाणी असतं. पाणी बदलायला आठवड्याला साधारण चार बादल्या लागतात. त्यातली एक बागेच्या नळाची, तीन घरच्या. मिश्रण येतं जीएच ६, केएच ५, नायट्रेट ७ ते ८. रोटालाला हे पाणी जड नाही, व्हॅलिस्नेरियाला पुरेसं आहे, शंख टिकतात, आणि डीटीपीएचं लोह त्यात विरघळून राहतं. भाचा लिफ्टनं एक कॅन वर आणतो.

या एका बादलीमुळे खतही बदललं. नव्या पाण्याबरोबर टँकला सुमारे ४ पीपीएम नायट्रेट मिळायला लागलं, म्हणून तेरा-शून्य-पंचेचाळीस २.६ ग्रॅमवरून १.६वर आणलं. त्याबरोबर येणारं पोटॅशियम घटलं, ते शून्य-शून्य-पन्नास एक ग्रॅमनं वाढवून भरून काढलं. फॉस्फेट आहे तेवढंच. गणेशोत्सवाच्या आधी दिवा सातवर नेला, त्याच्या वर न्यायची गरज वाटली नाही.

ऑगस्टअखेर मी मोजलं तेव्हा नायट्रेट १०-१५, फॉस्फेट १च्या जवळ, केएच ५. व्हॅलिस्नेरियानं जुनी पानं टाकली होती पण मुळाशी नवे फुटवे होते. काळी दाढी लाकडाच्या एका खाचेत उरली होती. ती अजून आहे, वाढत नाही.

पावसात बोअरचं पाणीही थोडं हलकं होतं, आणि टँकरचं तर दर खेपेला वेगळ्या विहिरीचं असू शकतं. त्यामुळे मिश्रणाचं प्रमाण एकदा ठरलं म्हणून कायम धरायचं नाही. काकू आता पाणी भरायच्या आधी दोन्ही बादल्यांत टीडीएस मीटर बुडवतात आणि आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहितात. मिश्रण २००च्या आसपास आलं तर भरायचं, २५०च्या वर गेलं तर बोअरची बादली अर्धी करायची. टीडीएसवरून नायट्रेट किती आणि मॅग्नेशियम किती हे कळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा केएच आणि नायट्रेटचं किट काढायचं. होळीनंतर बाथरूमच्या टाकीत पुन्हा बोअरचं पाणी सुटेल तेव्हा बागेचा कॅन बंद होईल, तीन बादल्या स्वयंपाकघराच्या आणि एक बाथरूमची, खत तेच.